कासव चरत राहिलं पाहिजे

आधी आवाज येतो. डुबुक. मग लगेच अजून दोन, आणि आपण कॅमेरा उचलून डोळ्याला लावेपर्यंत अख्खा ओंडका रिकामा, वर नुसते ओले डाग आणि खाली पाण्यात गोल गोल तरंग. रानातली कासवं बघायला ज्यांनी ज्यांनी कायाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, पाण्यात घातलीय त्या सगळ्यांच्या कानात हा आवाज बसलेला असतो. मला हा नाद लागून आता सहा हिवाळे झाले, आणि मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं की अगं तू एवढ्या जवळून फोटो कसे काढतेस, झूम केवढा आहे तुझा, तेव्हा मी तिला जे सांगायला बसले ते संपेचना, म्हणून इथेच लिहून काढते.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. फोटो जमला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, फोटो काढताना कासव जे करत होतं ते करतच राहिलं का. चरत असेल तर चरत राहिलं का, ऊन खात पडलं असेल तर मागचे पाय तसेच ताणलेले राहिले का. मान आत गेली, तोंड चालायचं थांबलं, डोळा माझ्याकडे वळून तिथेच अडकला, की फोकस कितीही धारदार असू दे, माझ्या हिशोबी तो फोटो गेला. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं असं अजिबात नाही. पहिला पूर्ण सीझन मी कासवांच्या मागे मागे पोहले, आणि त्या वर्षीचे सगळे फोटो आज उघडले तर एकच दिसतं, पळणाऱ्या कासवाची मागची बाजू.

मी जाते ते झरे उत्तर आणि मध्य फ्लोरिडातले. इथे नोंदलेले झरेच हजारावर आहेत. खाली सगळा चुनखडीचा खडक, पावसाचं पाणी त्यात मुरतं, भेगा मोठ्या करत करत खाली साठतं, आणि जिथे वाट मिळते तिथे स्वतःच्या दाबाने वर येतं. त्यातले ३३ झरे पहिल्या श्रेणीचे मानतात, म्हणजे सेकंदाला १०० घनफूट, साधारण २८०० लिटरच्या वर पाणी बाहेर फेकणारे. झऱ्यांच्या पाण्यातून आख्खी नदी निघते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही, पण इचटकनी नदी, रेनबो नदी, सिल्व्हर नदी, या सगळ्या अशाच निघाल्यात. आणि पाणी बाराही महिने साधारण २२ अंश. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट.

कासवांसाठी आणि फोटोसाठी या २२ अंशांतच सगळी गंमत आहे. जानेवारीत कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची लाट, येऊन गेला की सकाळी हवा तीन-चार अंशांवर असते आणि पाणी मात्र २२, त्यामुळे नदीभर वाफ उठलेली असते, समोरचा काठ दिसत नाही. पाण्यातली कासवं मस्त चालू असतात, खातात पितात फिरतात, त्यांना थंडीत झोपून जायची गरजच पडत नाही. पण ओंडक्यावर कुणी नसतं. मग नऊ-साडेनऊला ऊन झाडांवरून खाली उतरतं, ओंडका तापायला लागतो, आणि एक डोकं वर येतं, इकडे तिकडे बघतं, खाली जातं, परत येतं, आणि मग पुढची नखं सालीत रुतवून ते अवजड अंग वर ओढलं जातं. एकदा एक चढलं की बाकीच्यांना जणू परवानगी मिळते. अकरापर्यंत एकाच ओंडक्यावर चौदा-पंधरा, एकमेकांच्या पाठीवर पाय ठेवून. अंग तापवणं हे मुख्य, म्हणजे खाल्लेलं पचायला ऊब लागते, शिवाय कवच कोरडं झालं की शेवाळ आणि जळवा यांचाही त्रास कमी होतो. ज्यांना ओंडक्यावरची कासवं बघायचीत त्यांनी हिवाळ्यातली थंड पण लख्ख उन्हाची सकाळ पकडावी, वारा नसलेली. उन्हाळ्यात इचटकनीवर ट्यूबमध्ये बसून वाहत जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की कासवं असतात पण आपल्या वाट्याला येत नाहीत.

ओंडक्याजवळ जायचं कसं, तर जायचंच नाही, वाहत यायचं. मी प्रवाहाच्या वरच्या बाजूला लांबूनच वल्हं आडवं मांडीवर ठेवते आणि कायाकला पाणी नेईल तसं नेऊ देते. वल्ह्याचं पातं वर उचललं की ते उन्हात चमकतं, आणि आवाजापेक्षाही त्या चमकण्यानेच कासवं जास्त उडतात हे कळायला मला दोन वर्षं लागली. कायाकचं नाक थेट ओंडक्यावर धरायचं नाही, तिरकं, जणू आपण बाजूने निघून चाललोय असं. मध्ये एखाद्याने मान ताठ केली की थांबायचं, काठाचं गवत धरून नुसतं बसायचं, कधी कधी वीस मिनिटं. आणि कॅमेरा आधीच वर घेऊन ठेवायचा. शेवटच्या क्षणी हात वर गेला की डुबुक. तीनशे-चारशे मिलीमीटरची लेन्स पुरते, तिच्यावर पोलरायझर फिल्टर लावला तर पाण्यावरची चकाकी जाऊन ओल्या कवचाचे रंग उघडतात, फक्त त्याने दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे लक्षात ठेवून शटर सांभाळायचं.

कोण कोण दिसतं तिथे? सगळ्यात जास्त कूटर. मोठी, शाकाहारी, पाठीवर पिवळसर रेघांची नक्षी असलेली पाणकासवं. सुवानी नदीच्या खोऱ्यात सुवानी कूटर, जवळजवळ काळं वाटावं असं, त्याची मादी चाळीस सेंटीमीटरपर्यंत जाते. पेनिन्सुला कूटरच्या डोक्यावर मागे केसांच्या आकड्यासारख्या वळलेल्या पिवळ्या रेघा असतात. आणि रेड-बेली, लाल पोटाचं, ते माझं लाडकं. त्याच्या वरच्या जबड्याला मधोमध एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना दातासारखी टोकं, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये नाकाकडे टोक केलेला पिवळा बाण. हा बाण समोरून फोटो मिळाला तरच दिसतो, म्हणून मी रेड-बेलीचा बाजूने फोटो काढून कधी समाधानी होत नाही. या बयांची अजून एक गोष्ट मला फार आवडते, त्या कधी कधी ॲलिगेटरच्या, म्हणजे इथल्या मगरीसारख्या प्राण्याच्या, घरट्याच्या ढिगाऱ्यात आपली अंडी घालतात. ॲलिगेटरची मादी आपल्या अंड्यांची राखण करते, आणि तिच्या राखणीत यांचीही अंडी उबतात. केवढी हिंमत आहे बघा ती.

आता पाण्याखालचं. खरं सांगू का, ओंडक्यावरची कासवं बघून मन भरतं पण ओळख होते ती पाण्याखालीच. जे कूटर आपण शंभर फुटांवर असतानाच ओंडक्यावरून उडी मारतं तेच पाण्यात स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून नुसत्या तरंगणाऱ्या माणसाला बरेचदा हात-दोन हातांवर येऊ देतं. मला वाटतं ओंडक्यावर त्याला पळायला वेळ कमी असतो, पाण्यात ते स्वतःच्या घरात असतं. 'कासवगती' हा शब्द आपण सहज वापरतो, पण कूटरने ठरवलं तर दोन फटक्यांत ते दिसेनासं होतं, पायात फिन्स (पोहायचे रबरी पंख) घालूनही आपण त्याच्या जवळपास जात नाही. म्हणजे ते आपल्या जवळ आहे याचा अर्थ एकच, त्याने राहायचं ठरवलंय.

पोहायला सगळीकडे मिळत नाही हेही सांगते. सिल्व्हर स्प्रिंग्जला पोहणं बंद आहे, तिथे कायाक किंवा काचेच्या तळाच्या बोटी, त्या बोटी तिथे १८७० च्या दशकापासून चालू आहेत आणि वरून खोल झऱ्यात फिरणारी कासवं काचेतून स्वच्छ दिसतात. रेनबोला आणि इचटकनीला ठरलेल्या ठिकाणी पाण्यात उतरता येतं. नदीत स्नॉर्कलिंग करत वाहत येणार असाल तर लाल-पांढरा डायव्हर झेंडा सोबत ओढत न्यायचा, तो फ्लोरिडाचा नियमच आहे, बोटवाल्यांना आपण दिसलो पाहिजे.

पाण्यात उतरल्यावर मी कासव शोधत नाही, आधी गवत बघते. तळाशी ईलग्रास असतं, लांब लांब हिरव्या फितींसारखं, प्रवाहात एका बाजूला विंचरून ठेवल्यासारखं पडलेलं. त्यात कुठे फिती तुटलेल्या दिसतात, कडा कुरतडलेल्या, वर तुकडे तरंगत येतायत, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला कुणीतरी जेवायला बसलंय. मागच्या वर्षी असंच तुकड्यांच्या मागावर हळूहळू वर सरकत गेले, लेक पण होती सोबत, अकरा वर्षांची, आणि तिलाच आधी दिसलं. तिने माझा दंड दाबला. गवतात एक रेड-बेली, ताटाएवढं, पाठीवर शेवाळाची मखमल, आणि ते दोन्ही पुढच्या पायांनी फिती तोंडाकडे लोटत होतं. मान पुढे, फीत पकडायची, मान मागे ओढून तोडायची, मग दोन-तीनदा तोंड उघडमिट करून आत घ्यायची, आणि दर वेळी नाकपुडीतून एक बारीक बुडबुडा सुटायचा. फितीचं एक टोक तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबत होतं आणि मान हलेल तसं हलत होतं. आम्ही दोघी काठच्या मुळीला धरून तरंगत राहिलो. पाच मिनिटांनी ते गवत खात खात सरकत आमच्याच दिशेला आलं, एवढं जवळ की मला त्याच्या बुबुळातून जाणारी आडवी काळी रेघ दिसली. वर आल्यावर लेक म्हणाली, "आई, त्याने बघितलं गं आपल्याला, आणि बघून परत खायला लागलं!" मी म्हटलं, "हो ना राणी, तेच तर पाहिजे होतं." त्या दिवशीचे अकरा फोटो अजून माझे सगळ्यात चांगले आहेत.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण विचारणारे बरेच असतात. झऱ्यात पाणी एवढं स्वच्छ असतं की शक्यतो फ्लॅश नको, नैसर्गिक उजेडातच काढा, दोन मीटरच्या आत लाल रंगही बऱ्यापैकी शिल्लक असतो आणि पांढऱ्या वाळूवर व्हाइट बॅलन्स सेट केला की कवचाचा तपकिरी रंग हिरवट होत नाही. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, आपण दोघंही वाहत असतो. हाऊसिंगचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या पेटीचा, पुढचा काच सपाट असेल तर पाण्यात सगळं एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे वाइड लेन्सही तेवढी वाइड उरत नाही, घुमटासारखा गोल काच असेल तर उत्तम. आणि भर दुपार टाळा. उथळ पाण्यात बाराच्या उन्हात लाटांमुळे उजेडाची जाळी पडते, कासवाच्या पाठीवर ती नाचताना डोळ्यांना फार सुंदर दिसते पण फोटोत नुसते पांढरे ओरखडे येतात आणि नक्षी दिसतच नाही. हलकं ढग आलेलं आकाश सगळ्यात चांगलं. कासवाच्या पातळीला या, वरून काढू नका, वरून काढलं की ते दगडासारखं दिसतं.

एक नुकसान मात्र सांगायलाच हवं. दुसऱ्या वर्षी हाऊसिंगच्या रबरी रिंगवर माझाच एक केस अडकला होता, मला दिसला नाही, आणि अर्ध्या तासात आत पाणी. कॅमेरा गेला, कार्ड वाचलं. तेव्हापासून आदल्या रात्री घरी, चांगल्या उजेडात, रिंग काढून बोटाने सगळीकडून चाचपून बसवते, आणि कॅमेरा न घालता आधी रिकामं हाऊसिंग बादलीत बुडवून बघते. गाडीच्या बॉनेटवर घाईत हे काम कधीच करू नका.

आणि फिन्स. तळाला फिन लागला की जो गाळ उठतो तो बसायला प्रवाह नसेल तिथे पाऊण तासही लागतो, तुमचा फोटो जातो, तुमच्या मागून येणाऱ्याचा जातो, आणि उपटलेलं गवत तर गेलंच. मी फिन्स घालणंच सोडलंय, पायात साधे पाण्यातले बूट आणि पाय मागे वर उचललेले, हाताच्या बोटांनी खडक किंवा मुळी धरून पुढे सरकायचं.

आता ज्यांच्यासाठी मी खरं म्हणजे हे सगळं करते ते. लॉगरहेड मस्क. समुद्रातलं लॉगरहेड नाही हां, हे तळहातावर मावेल एवढं, दहा-बारा सेंटीमीटरचं. हे ओंडक्यावर फारसं दिसत नाही, ओंडक्याखाली असतं. म्हणून बहुतेक लोक झऱ्यावर दिवसभर राहून येतात आणि त्यांना कळतही नाही की आपल्या पायाखाली डझनभर होते. हे पोहतही नाही फारसं, चालतं. तळावर, नखांच्या टोकांवर, हलकं हलकं. डोकं अंगाच्या मानाने भलं मोठं, म्हाताऱ्या नराचं तर एवढं रुंद की कवचात कसं जात असेल असं वाटतं, राखाडी-गुलाबीसर, त्यावर काळे ठिपके शिंपडल्यासारखे, आणि हनुवटीला दोन बारीक कोंब. ते डोकं एवढं का, तर गोगलगायी फोडायला. इथे गवतावर आणि दगडांवर काळ्या निमुळत्या गोगलगायी खच्चून असतात, हे जबड्याच्या जोरावर त्यांचा शंख फोडून आतलं खातं.

यांना शोधायची वेळ पहाट किंवा अगदी संध्याकाळ, आणि जागा म्हणजे बुडालेले ओंडके, खडकांच्या कपारी, सायप्रसची मुळं. मी टॉर्च वापरते पण थेट अंगावर कधीच मारत नाही, बाजूच्या वाळूवर मारते, तिथून उडालेला उजेड पुरतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्याला दगडच समजले होते, मग त्या दगडाने एक पाय पुढे टाकला. नंतर बघते तर त्याच ओंडक्याखाली अजून तीन. एकाची मान ओंडक्याच्या भेगेत आत, काहीतरी ओढत होतं, मागचे दोन्ही पाय वाळूत घट्ट रोवलेले आणि शेपटीकडची बाजू वर झालेली. तिथे मी पोटावर वाळूत पडून चाळीस मिनिटं होते, श्वासाला वर यायचं, परत खाली, दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूने. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर त्यांनी माझी दखल घेणंच सोडलं. एवढ्या वेळात त्यातलं एकच श्वास घ्यायला वर गेलं. मस्क कासवांना घशाच्या आतल्या अस्तरातून पाण्यातला ऑक्सिजन थोडाफार घेता येतो, त्यामुळे घाई नसते त्यांना. हात लावला तर अत्यंत घाण वासाचा स्राव सोडतात, आणि तो जबडाही चावतो, पण हात लावायचाच कशाला?

सॉफ्टशेलबद्दल फार लिहीत नाही, कारण अजून माझ्याकडे त्याचा मनासारखा फोटो नाही. पाठ चामड्याची, नाक लांब नळीसारखं, वाळूत स्वतःला पुरून घेतं आणि तिथूनच नळी वर काढून श्वास घेतं. उथळ वाळूत नाकाच्या दोन भोकांकडे लक्ष ठेवा. अलिगेटर स्नॅपिंग टर्टल, हेही कासवच, तर मी एकदाच बघितलं, संध्याकाळी, खोल पाण्यात, सावलीसारखं. सुवानीतली त्याची जात वेगळी आहे हे २०१४ साली ठरलं आणि २०२४ मध्ये तिला धोक्यात असलेली म्हणून केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं. मासेमारीचे सोडून दिलेले गळ आणि दोऱ्या हा तिच्या जिवाचा मोठा घोर आहे. म्हणून माझ्या कायाकमध्ये एक छोटी कात्री आणि झाकणाचा डबा कायम असतो, दिसली दोरी की काप आणि डब्यात टाक.

ॲलिगेटरचं लोक विचारतातच. आहेत, नद्यांमध्ये असतातच. पहाटे-संध्याकाळी एकटीने पाण्यात उतरायचं नाही, काठाच्या दाट गवतात शिरायचं नाही, दिसला तर लांबूनच वळायचं, त्याला खायला घालणं हा तर गुन्हाच आहे. मस्कसाठी पहाटे जाते तेव्हा नवरा कायाकमध्ये वर बसून असतो, नजर काठावर ठेवून. त्याशिवाय मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

सहा वर्षांत डोळ्यांदेखत बदललेली गोष्ट म्हणजे गवत. काही झऱ्यांत जिथे मी पहिल्या वर्षी ईलग्रासमध्ये कूटर बघितले तिथे आता तपकिरी शेवाळाच्या लोंबत्या जटा आहेत. खतं आणि सेप्टिक टँक यांच्यातून नायट्रेट जमिनीत मुरतं, खालच्या पाण्यात जातं आणि झऱ्यातून वर येतं, शिवाय जमिनीतून पाणी उपसल्यामुळे काही झऱ्यांचा जोरही कमी झालाय. पाणी अजूनही वरवर स्वच्छच दिसतं, म्हणून येणाऱ्याला कळत नाही. कासवांना कळतं. शेवाळाने झाकलेल्या पट्ट्यात चरणारं कूटर मला क्वचितच दिसतं. आता मी दर वर्षी त्याच चार जागांचे, त्याच कोनातून, कासव नसलेलेही फोटो काढून ठेवते, तारीख घालून.

एक कळकळीची विनंती. रानातल्या कासवाचा फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका, फोटोतलं जीपीएस काढून टाका. २०१९ मध्ये फ्लोरिडात दोघांना पकडलं होतं, त्यांनी सहा महिन्यांत चार हजारांवर कासवं रानातून उचलली होती, विकायला.  विक्रीसाठी रानातली कासवं धरायला इथे २००९ पासून बंदी आहे, तरी. मी नदीचं नाव सांगते, कारण ती सगळ्यांना माहीत असते, पण माझा तो मस्कचा ओंडका कुठला हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आणि एका झऱ्यातलं कासव दया येऊन दुसरीकडे नेऊन सोडू नका. २०१८ पासून इथल्या सॉफ्टशेल आणि कूटरमध्ये एक विषाणू सापडलाय, टर्टल फ्रेझरव्हायरस, त्याने बरीच कासवं गेली, हलवाहलवीतून तो पसरायला नको. सुस्त, डोळे सुजलेलं कासव दिसलं तर राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवायचं, उचलायचं नाही.

आता शेवटी तिच्याबद्दल. तिसऱ्या हिवाळ्यात मला एक सुवानी कूटर मादी दिसली, मोठी, म्हातारी, आणि तिच्या कवचाच्या कडेला चौकोनी खाचा होत्या. मला आधी बोटीच्या पंख्याने कापलंय असं वाटून फार वाईट वाटलं. मग घरी फोटो मोठा करून बघितला तर खाचा एवढ्या सरळ, एवढ्या सारख्या, की हे अपघाताचं नाहीच. कासवांचा अभ्यास करणाऱ्या एकांना फोटो पाठवला, त्यांनी समजावून सांगितलं की कडेच्या खवल्यांना कानशीने अशा खाचा करून कासवाला नंबर देतात, ही पद्धत १९३९ सालापासून चालत आलीय, कुठल्या खवल्याला खाच आहे त्यावरून आकडा वाचायचा. कवच वाढतं तरी खूण वर्षानुवर्षं टिकते. आणि त्यांनी म्हटलं की पुढच्या वेळी जमलं तर डावी कड आणि उजवी कड, दोन्ही स्पष्ट येतील असे फोटो काढा, म्हणजे ती कुठे, कधी, कशी होती याची नोंद होते, तिला परत धरावं लागत नाही.

तेव्हापासून ती मला तीन हिवाळ्यांत चार वेळा भेटलीय, दर वेळी नदीच्या त्याच वळणाच्या आसपास. डावी कड मला लगेच मिळाली होती. उजवी मिळेना, कारण ती ओंडक्यावर नेहमी एकाच बाजूने बसायची आणि पाण्यात मी पलीकडे जायला लागले की ती वळायची. शेवटी या जानेवारीत, वाफ नुकती विरली होती, ती गवतात होती, मी प्रवाहाच्या खालच्या बाजूला एका मुळीला धरून थांबले आणि ठरवलं की आज मी हलणारच नाही. पन्नास मिनिटं. हात बधिर झाले होते. ती चरत चरत एका पट्ट्याच्या टोकाला आली, तिथलं संपलं, आणि मग पुढच्या पट्ट्यासाठी तिने आपणहून तोंड फिरवलं, आणि उजवी कड पूर्ण माझ्याकडे. दोन खाचा, मध्ये तीन खवले सोडून तिसरी. मी सहा फोटो काढले. सहाही फोटोंत तिच्या तोंडात गवत आहे.